रिच्चीचा मित्रधर्म

धर्मप्रसाराचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन गोष्टींची मोजदाद करतात : किती प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं आणि किती माणसें धर्मांत आलीं. ह्या मोजदादीला अर्थ नाहीं असें नाहीं. परंतु परक्या देशांत जाऊन राहिलेल्या धर्मोपदेशकाचें खरें आयुष्य ह्या दोन आंकड्यांच्या मधल्या जागेंत गेलेलें असतें. शेजाऱ्याशीं उद्भवलेला तंटा, आजाऱ्याच्या उशाशीं काढलेली रात्र, भाषा शिकविणाऱ्या गुरूपुढें खालीं घातलेली मान, आलेल्या पाहुण्याच्या घरीं जाऊन केलेली भेटीची परतफेड, ह्या गोष्टी सहसा कोणत्याहि अहवालांत नोंदल्या जात नाहींत. तथापि ज्या लोकांमध्यें तो राहतो ते त्याच्या धर्माची परीक्षा ह्यांवरूनच करतात.

इटलींतून निघून, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर कांहीं वर्षें काढून, पुढें चीन देशांत २७ वर्षें राहिलेल्या मात्तेओ रिच्ची नांवाच्या जेझुइट पाद्र्याचें चरित्र ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. मैत्री हेंच त्यानें आपल्या धर्मकार्याचें मुख्य साधन केलें, अशी त्याची ख्याति आहे. परंतु मैत्री ही साधन होऊं शकते काय, आणि साधन झालेली मैत्री ही मैत्री राहते काय? त्याच्या हयातींतच एका चिनी विद्वानाच्या मनांत ह्याच जातीची शंका उभी राहिली होती, आणि आजहि ती टाळून पुढें जातां येत नाहीं.

रिच्चीचा जन्म १५५२ च्या ऑक्टोबर महिन्यांत इटलींतील माचेराता ह्या गांवीं झाला. रोम येथें अध्ययन करून तो १५७८ च्या मार्च महिन्यांत लिस्बनहून जहाजांत चढला, आणि त्याच वर्षीं १३ सप्टेंबर रोजीं गोव्यास उतरला. पुढच्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याच बंदरीं टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट येऊन पोहोंचला. ज्याचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें आणि ज्याला मराठी वाचक आपल्या कवींच्या पंगतींत बसवितात, तोच हा स्टीफन्स. दोघेहि एकाच संघाचे. दोघांनींहि पुढें परक्या भाषेची उपासना करून तींत ग्रंथरचना केली. एक सासष्टींत राहिला, दुसरा पूर्वेकडे गेला.

रिच्ची गोव्याच्या विद्यालयांत लॅटिन व ग्रीक ह्या भाषा शिकवूं लागला. १५८० सालीं कोचीन येथें त्याला पौरोहित्याची दीक्षा मिळाली. गोव्याच्या ह्या विद्यालयांत पोर्तुगीज मुलांबरोबर एतद्देशीय मुलेंहि शिकत असत. ह्या देशी मुलांना तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकवूं नये, थोडें लॅटिन व लोकांचें पापनिवेदन ऐकण्यापुरतें ज्ञान त्यांना पुरे, असें वरिष्ठांनीं ठरविलें. अधिक शिकलीं तर तीं गर्विष्ठ होतील आणि लहानसहान गांवीं जाऊन काम करण्यास राजी होणार नाहींत, असें कारण सांगण्यांत येई. २९ वर्षांच्या रिच्चीनें २५ नोव्हेंबर १५८१ रोजीं रोमास, संघाचे प्रमुख आक्वाविवा ह्यांस, पत्र लिहून ह्या निर्णयाविरुद्ध आपलें मत स्पष्टपणें कळविलें. विद्येनें गर्व चढतो म्हणावें तर तो युरोपांतील विद्यार्थ्यांसहि चढतो, मग त्यांना आपण विद्या कां नाकारीत नाहीं? ह्या देशच्या लोकांना आमचे लोक एरव्हींहि मान देत नाहींत. निदान आमच्या संघानें तरी त्यांना खालीं दडपूं नये. पत्राचा आशय असा होता.

गोव्यांत त्या वेळीं पोर्तुगिजांची सत्ता होती व धर्मन्यायपीठाचा अंमल चालूं होता. धर्मोपदेशकाच्या पाठीशीं तेथें राजाची तरवार उभी असे. अशा ठिकाणीं बसून एका तरुण शिक्षकानें वर्गांतल्या मुलांची बाजू घ्यावी, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाहीं. मैत्रीचें बोलणें समानतेवांचून व्यर्थ आहे. ती समानता मान्य करण्याची तयारी रिच्चीच्या अंगीं मैत्रीवर ग्रंथ लिहिण्यापूर्वीं १४ वर्षें होती, एवढें ह्या पत्रावरून दिसतें.

१५८२ च्या ऑगस्ट महिन्यांत तो मकाव बंदरीं पोहोंचला आणि चिनी भाषेच्या अभ्यासास लागला. पुढच्या सप्टेंबरांत तो व त्याचा वडील सहकारी रुज्जेरी ह्या दोघांना झाओछिंग नगरांत राहण्याची परवानगी मिळाली. येथें परिस्थिति गोव्याच्या अगदीं उलट होती. पाठीशीं सत्ता नाहीं, पदरीं पैसा बेताचा, आणि तेथील अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सारा निवास अवलंबून. धर्मपुरुष म्हणून ओळखलें जावें ह्यासाठीं त्यांनीं मस्तक व दाढी मुंडून बौद्ध भिक्षूंचा वेष धारण केला. वांग फान नांवाच्या नगराधिकाऱ्यानें त्यांना आश्रय दिला; त्याच्याच इच्छेवरून रिच्चीनें १५८४ सालीं पृथ्वीचा नकाशा चिनी अक्षरांत तयार केला. परंतु शेजारपाजारच्या लोकांना हे परदेशी नकोसे होते. त्यांच्या घरावर दगड पडत. १५८९ त नव्या सुभेदारानें त्यांना झाओछिंगमधून घालवून दिलें, आणि बांधलेलें घर सोडून ते उत्तरेस शाओझोऊ येथें गेले.

शाओझोऊ येथील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १५९२ च्या जुलै महिन्यांत एका रात्रीं कांहीं तरुण हातांत हत्यारें घेऊन पाद्र्यांच्या घरांत शिरले. निसटण्यासाठीं रिच्चीनें खिडकींतून उडी टाकली, तींत त्याचा पाय असा दुखावला कीं पुढें जन्मभर तो लंगडत चालला. हल्लेखोर सांपडले, खटला उभा राहिला व त्यांना कडक शिक्षा ठरली. तेव्हां ती सौम्य व्हावी म्हणून रदबदली करण्यास जो मनुष्य उभा राहिला तो स्वतः रिच्ची होता. शत्रूला क्षमा करा, हें वचन प्रवचनांत सांगणें सोपें असतें. परंतु लंगडत लंगडत कचेरींत जाऊन गुन्हेगारासाठीं शब्द टाकणाऱ्या परदेशीयाला पाहून शेजाऱ्यांना जें कळलें असेल, तें कळविण्यास त्याचें त्या वेळचें चिनी भाषाज्ञान कदाचित् अपुरेंच पडलें असतें.

ह्याच गांवीं त्याला पहिला जिवलग चिनी मित्र मिळाला. च्यू ताइसू हा एका मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा. किमयेच्या नादीं लागून त्यानें वडिलार्जित संपत्तीचा फडशा पाडला होता. ह्या पाश्चात्य भिक्षूला पाऱ्याची चांदी करण्याची विद्या येते अशी वदंता ऐकून तो शिष्य होण्यास आला. रिच्चीपाशीं ती विद्या नव्हती. त्यानें त्याला गणित शिकविलें, सूर्यघटिका करण्यास शिकविलें, भूमितीचीं मूळतत्त्वें समजावून दिलीं. चांदीच्या लोभानें आलेला मनुष्य गणिताच्या आनंदांत रमला, आणि त्याच्या तोंडून गुरूची कीर्ति विद्वानांच्या मंडळींत पसरली.

पण ह्या नात्यांत केवळ रिच्चीच दाता होता असें समजणें चूक होईल. च्यूनें त्याला एक मोलाची गोष्ट सांगितली : ह्या देशांत भिक्षूला फारसा मान नाहीं, तुम्ही विद्वान् आहांत, विद्वानाचाच वेष घ्या. वरिष्ठांची संमति मिळवून १५९५ सालीं रिच्चीनें भिक्षूचीं वस्त्रें टाकलीं, दाढी वाढविली आणि चिनी पंडिताचा रेशमी अंगरखा धारण केला. बारा वर्षें ह्या देशांत राहूनहि आपण स्वतःला चुकीच्या रूपानें सादर करीत होतों, हें शिष्याच्या तोंडून ऐकून घेण्यास मनाचा मोठेपणा लागतो. च्यूनें बाप्तिस्मा घेतला तो १६०५ सालीं, म्हणजे पहिल्या भेटीनंतर १६ वर्षांनीं.

पंडिताच्या ह्या नव्या वेषांत रिच्ची १५९५ च्या जून महिन्यांत नानचांग नगरीं आला. तेथें राजघराण्यांतील एका सरदारानें त्याला मेजवानीस बोलावून विचारलें कीं, तुमच्या पश्चिमेकडील लोकांत मैत्रीविषयीं काय विचार आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून रिच्चीनें ‘मैत्रीविषयीं’ हा छोटा ग्रंथ चिनी भाषेंत लिहिला. त्याच्या चिनी ग्रंथांपैकीं हा पहिला महत्त्वाचा ग्रंथ होय. सिसेरो, सेनेका, प्लूटार्क, ऑगस्टिन इत्यादि जुन्या लेखकांच्या विचारांतून वेंचलेलीं हीं सुभाषितें. प्रारंभीं तीं ७६ होतीं, पुढें त्यांची संख्या १०० झाली. मित्राची पारख संकटांत कशी होते, स्तुतिपाठक व मित्र ह्यांत भेद कोणता, मैत्री नफ्यासाठीं केली तर तिचें काय होतें, असे त्यांतील विषय. धर्ममताचा उपदेश त्यांत जवळजवळ नाहींच.

हा विषय चिनी वाचकांच्या अंतःकरणाला कां भिडला, हें पाहण्यासारखें आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेंत मनुष्याचीं मुख्य नातीं पांच मानलीं आहेत : राजा व सेवक, पिता व पुत्र, पति व पत्नी, थोरला भाऊ व धाकटा भाऊ, आणि मित्र व मित्र. पहिल्या चारांत एक वरचा व एक खालचा असतो. पांचवें नातें तेवढें बरोबरीचें आणि आपण होऊन जोडलेलें. परदेशीयाला पहिल्या चार नात्यांत जागाच नव्हती. तो कोणाचा पुत्र नव्हे, कोणाचा भाऊ नव्हे. त्याच्यासाठीं त्या समाजाच्या घराला एकच दार उघडें होतें, आणि तें मित्राचें होतें. आपल्याकडे कृष्ण-सुदाम्याची कथा घरोघर सांगतात, ती ह्याच कारणानें कीं मैत्री राजा व दरिद्री ह्यांना एका पाटावर बसविते. ह्या लहानशा ग्रंथानें आपल्याला जितकी प्रतिष्ठा मिळाली तितकी दुसऱ्या कशानेंहि मिळाली नाहीं, असें रिच्चीनें स्वतःच पत्रांत लिहून ठेविलें आहे.

आतां आरंभीं सांगितलेल्या शंकेकडे वळूं. १५९९ सालीं नानजिंग येथें रिच्चीची ली झी ह्या वृद्ध व बंडखोर विचारवंताशीं गांठ पडली. लीनें त्याचा मैत्रीवरील ग्रंथ आवडीनें वाचला व त्याच्या प्रती करवून शिष्यांना पाठविल्या. रिच्चीला पंख्यावर कविता लिहून भेट दिली. पुढें एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रांत त्यानें रिच्चीच्या विद्वत्तेची व शांत वृत्तीची मोठी वाखाणणी केली. मात्र हा मनुष्य इतक्या दुरून येथें कशासाठीं आला आहे तें आपल्याला अद्याप उमगत नाहीं, असेंहि लिहिलें. आपली विद्या आणून कन्फ्यूशियसच्या विद्येच्या जागीं बसविण्याचा त्याचा विचार असेल तर तो फारच मूर्खपणाचा होईल, तेव्हां तसें नसावें, असा त्या वृद्धाचा तर्क होता.

लीचा तर्क चुकला होता असेंच म्हटलें पाहिजे. चिनी लोक ख्रिस्ताला शरण यावेत ह्याच हेतूनें रिच्ची तेथें आला होता, आणि घरीं धाडलेल्या पत्रांत त्यानें हें कधीं लपविलें नाहीं. मग घड्याळें, नकाशे, भूमिति व मैत्रीचीं सुभाषितें हीं सारीं जाळ्यांतील आमिषें होतीं काय? ह्या प्रश्नाला हेतूंच्या चर्चेनें उत्तर मिळत नाहीं. मनुष्याचे हेतु बहुधा एकमेकांत गुंतलेले असतात. उत्तर मिळतें तें वर्तनांत : हेतु साधला नाहीं तेव्हां मैत्री मागें घेतली गेली काय? च्यूच्या बाबतींत १६ वर्षें ती मागें घेतली गेली नाहीं. मैत्रीचा प्रश्न विचारणारा तो सरदार ख्रिस्ती झाला नाहीं. ली झी तर नाहींच नाहीं. तरी त्यांच्याशीं असलेला रिच्चीचा स्नेह उणावला नाहीं. जाळें टाकणारा कोळी मासा लागला नाहीं कीं दुसऱ्या डोहाकडे जातो; हा मनुष्य मात्र त्याच कांठावर बसून राहिला.

१६०१ च्या २४ जानेवारीस तो पेकिंग म्हणजे आजच्या बीजिंग नगरीं पोहोंचला. वानली बादशहाला त्यानें नजर केलेल्या वस्तूंत दोन चालतीं घड्याळें होतीं; बादशहाचें दर्शन त्याला कधींच घडलें नाहीं, परंतु घड्याळांना किल्ली देणारे हवेत म्हणून पाद्र्यांना राजधानींत राहूं देण्यांत आलें. ह्या काळांतील त्याचा सर्वांत मोठा स्नेही शांघायचा शू ग्वांगछी. १६०३ त बाप्तिस्मा घेऊन व पुढच्या वर्षीं सर्वोच्च परीक्षा उतरून शू पेकिंगला आला. हे दोघे दररोज कित्येक तास समोरासमोर बसत. रिच्ची युक्लिडचा अर्थ तोंडी सांगे, शू तो शुद्ध चिनी भाषेंत उतरवी, आणि नेमका शब्द सांपडेपर्यंत तीं वाक्यें पुन्हां पुन्हां बदलीत. १६०७ सालीं युक्लिडचे पहिले सहा भाग प्रसिद्ध झाले. त्यांत रूढ केलेल्या भूमितीच्या पुष्कळ संज्ञा चीनमध्यें आजतागायत वापरांत आहेत. दोन माणसांनीं एका शब्दासाठीं एकत्र घालविलेला वेळ ही देखील एक उपासनाच होय, आणि तींत कोण गुरु व कोण शिष्य हें सांगणें कठीण.

ह्या चित्रांत कांहीं गडद छायाहि आहेत. त्या पुसून टाकल्यास चरित्राचें स्तोत्र होईल. कन्फ्यूशियसच्या अनुयायांशीं इतक्या ममतेनें वागणारा रिच्ची बौद्धांच्या बाबतींत मात्र कठोर होता. ज्यांचा वेष त्यानें १२ वर्षें अंगावर वागविला, त्यांच्या मताचें आपल्या १६०३ च्या धर्मग्रंथांत त्यानें तिखट खंडन केलें. त्याच्या मैत्रीचें दार पंडिताला जितकें सहज उघडलें तितकें भिक्षूला उघडलें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ली झिझाओ हा सरकारी बांधकाम खात्यांतील विद्वान् अधिकारी १६०१ पासून त्याचा मित्र होता. नकाशाची १६०२ ची मोठी आवृत्ति त्यानेंच काढविली. परंतु त्याच्या घरीं विवाहित पत्नीखेरीज उपपत्नी होती, आणि तिला दूर केल्यावांचून बाप्तिस्मा मिळणें शक्य नव्हतें. मित्रासाठीं रिच्चीनें हा नियम वांकविला नाहीं, ह्यांत कोणास त्याची निष्ठा दिसेल. पण त्या स्त्रीच्या बाजूनें पाहिलें तर दोन सत्पुरुषांच्या धर्मनिष्ठेची किंमत तिसऱ्याच जिवानें भरावी, असा हा हिशेब होतो. रोजच्या नात्यांतून धर्म आचरणाराला हा प्रश्न कोठें ना कोठें भेटतोच, आणि पुस्तकांतील नियम दाखवून तो सुटत नाहीं.

ह्याच ली झिझाओच्या आजाराबरोबर रिच्चीच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय सुरू होतो. १६१० च्या प्रारंभीं ली पेकिंगमध्यें अतिशय आजारी पडला. घरचें माणूस जवळ कोणी नव्हतें. जगण्याची आशा सोडून त्यानें मृत्युपत्र केलें व तें रिच्चीच्या स्वाधीन केलें. रिच्चीनें रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली. नऊ वर्षें अडलेला बाप्तिस्मा, ती अट मान्य करून, लीनें ह्या आजारांतच घेतला. आणि पुढें तो बरा होऊन आणखी २० वर्षें जगला.

पण शुश्रूषा करणारा मात्र खचला. त्या वर्षीं राजधानींत मोठी परीक्षा होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारों उमेदवार आले होते, आणि ह्या प्रसिद्ध पाश्चात्य पंडिताची भेट घेतल्याशिवाय परतणें अनेकांना अपुरें वाटे. आलेल्या पाहुण्याला सामोरें जावें, त्याच्याशीं बोलावें, मग त्याच्या बिऱ्हाडीं जाऊन भेट परत करावी, हा चिनी शिष्टाचार रिच्चीनें कधीं मोडला नव्हता. उपवासाच्या दिवसांतहि जेवण अर्धें टाकून तो पाहुण्यांसाठीं उठे. ३ मे रोजीं तो अंथरुणास खिळला आणि ११ मे १६१० च्या संध्याकाळीं त्यानें प्राण सोडला. त्याचें वय ५७ होतें. स्वदेशचें दर्शन त्याला पुन्हां घडलें नाहीं. तिकडे धाडलेल्या पत्राचें उत्तर येण्यास वर्षेंच्या वर्षें लागत, आणि आपण लांबलचक पत्रें लिहितों तीं कित्येकदां मेलेल्या माणसांना, ह्या विचारानें त्याची लेखणी थबकत असे. ज्याला पाहुणचारानें थकवा आला तो मनुष्य आंतून इतका एकटा होता, हें त्याच्या आतिथ्याकडे पाहतांना विसरूं नये.

त्याच्या मृत्यूच्या वेळीं त्या अफाट देशांत ख्रिस्ती झालेल्या माणसांची संख्या सुमारे अडीच हजार होती. आंकड्यांच्या हिशेबानें ही कमाई थोडीच. परंतु मित्रांनीं खटपट करून बादशहाकडून त्याच्या दफनासाठीं जमीन मिळविली, आणि परदेशीयाला असा मान मिळण्याची ही असाधारण गोष्ट घडली. सहा वर्षांनीं, १६१६ त, नानजिंग येथें पाद्र्यांचा छळ सुरू झाला तेव्हां शू ग्वांगछीनें बादशहाकडे अर्ज करून, मी ह्या माणसांना जवळून ओळखतों, अशा आशयाची उघड साक्ष दिली. तत्त्वांची चर्चा कोणीहि केली असती; ओळखीची साक्ष मित्रच देऊं शकतो.

पुढच्या पिढ्यांनीं मात्र हा वारसा सांभाळला नाहीं. पूर्वजांना व कन्फ्यूशियसला वंदन करण्याची जी चाल रिच्चीनें चिनी ख्रिस्तीजनांना चालूं ठेवूं दिली होती, ती मूर्तिपूजा ठरवून रोमनें १७०४ पासून तिचा निषेध आरंभिला व १७४२ त त्यावर शेवटचा शिक्का मारला. मधल्या काळांत, १७२४ सालीं, चीनच्या बादशहानें ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. ती चाल पुन्हां मान्य होण्यास १९३९ साल उजाडावें लागलें. ज्यांनीं निर्णय दिले ते शेंकडों कोस दूर बसलेले होते, आणि त्या घरांतून जेवलेले नव्हते.

रिच्चीचें थडगें आजहि बीजिंगमध्यें आहे. १९०० सालच्या बंडांत आणि पुन्हां १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतींत त्याची नासधूस झाली. तें पुन्हां उभारण्यांत आलें, आणि आज तें कम्युनिस्ट पक्षाच्या शासनविद्यालयाच्या आवारांत उभें आहे. त्याचा धर्म न मानणाऱ्यांनींच त्याच्या शिळेची जपणूक करावी, ह्यांत विसंगति आहे खरी. परंतु त्याच्या आयुष्याशीं ती जुळती आहे. त्याला मित्र मानण्यासाठीं त्याचा धर्म स्वीकारण्याची अट त्यानें स्वतःहि कोणाला घातली नव्हती.